दोन बोटांचा क्लच

काइतान: गिअरबॉक्स उघड म्हणतोय ना मी. आतला दात तुटलाय. चौतीस वर्षं या म्हापशाच्या स्टँडवर पायलट आहे मी, मोटरसायकलवर भाडी नेतोय, मला आवाजावरून कळतं.

सुलक्षा: आवाज मलाही आला. तुम्ही फार्मसीपाशी वळलात तेव्हाच आला. बेकरीवाला पाव टाकून बाहेर बघायला आला होता.

काइतान: चेष्टा करू नको, बाय. तुझा बाप असता तर एव्हाना इंजिन खाली उतरवलं असतं.

सुलक्षा: बाबा पायलट होते, काइतानबाब. इंजिन मी उतरवते. पहिला गिअर टाकताना कसा आवाज येतो ते सांगा.

काइतान: खडाक. पत्र्यावर नारळ पडावा तसा. दुसरा टाकायची तर भीतीच वाटते. आणि न्यूट्रल सापडत नाही. भाडं उतरायला थांबलं की मी पायाने शोधतोय आपला, पलंगाखाली चप्पल शोधावी तसा.

सुलक्षा: आणि इंजिन बंद केलं की?

काइतान: बंद केलं की... पडतो. लगेच पडतो. तुला कसं कळलं?

सुलक्षा: मग गिअरबॉक्सला काही झालेलं नाही. तुमचा क्लच पूर्ण सुटत नाहीये.

काइतान: क्लच मी माझ्या हाताने लावतो. त्याच्याकडे तू बघूच नको. गिअरबॉक्स उघड.

सुलक्षा: उघडते. चार दिवसांनी या.

काइतान: चार दिवस? मला उद्या सकाळी सातला गाडी पाहिजे. उद्या ओलिंडा टीचर बसणार आहेत माझ्या मागे.

सुलक्षा: टीचर? त्यांच्या कंबरेचं ऑपरेशन झालं होतं ना?

काइतान: तीन महिने झाले. उद्या डोंगरावरच्या कपेलाचं फेस्त, वर प्रार्थना, वाटेवर जत्रा. डॉक्टर म्हणाला, बसा दुचाकीवर, पण धक्का बसता कामा नये. त्यांचा तो भाचा आलाय ना दुबईहून, नेव्हिल. केवढी मोठी गाडी दारात लावलीय, कुंपणाच्या गडग्याला घासून उभी. तो म्हणतो, मावशी, त्या बाइकवाल्यामागे बसायचं वय आहे का तुझं. बाइकवाला म्हणाला मला. माझ्या तोंडावर.

सुलक्षा: टीचर काय म्हणाल्या?

काइतान: म्हणाल्या, मी काइतानबरोबरच जाणार. मग त्याने अट घातली. तो गाडी घेऊन मागोमाग येणार. टीचरचा हात एकदा जरी कंबरेवर गेलेला दिसला, तर तिथल्या तिथे उतरवून गाडीत घालणार. आणि त्यानंतर त्यांनी कधीच माझ्या मागे बसायचं नाही. कधीच.

सुलक्षा: आणि त्या हो म्हणाल्या?

काइतान: मला विचारलंसुद्धा नाही. म्हणाल्या, काइतान धक्का देत नाही. संपलं. बावीस वर्षं शाळेत नेलंय मी त्यांना, बाय. माझ्या मागे बसून वह्या तपासायच्या त्या, लाल पेनने. मी गिअर बदलला तरी त्यांची रेघ वाकडी गेली नाही. अख्ख्या बार्देश तालुक्यात विचार कुणालाही.

सुलक्षा: बरं. डबल स्टँडवर घ्या गाडी. चालू करा. क्लच दाबून पहिला टाका.

काइतान: घे. ऐकलंस?

सुलक्षा: ऐकलं. क्लच दाबूनच ठेवा. आता मागचा ब्रेक दाबा, हळू.

काइतान: इंजिन कण्हतंय.

सुलक्षा: बंद पडायला आलंय. क्लच दाबलेला असताना चाकाचं आणि इंजिनाचं नातं कशाला राहील? चाक थांबलं तर इंजिनाला पत्ता लागायला नको. उतरा, मी बसते. हां, आता बघा. पहिला टाकलाय, क्लच दाबलाय, ब्रेक दाबला.

काइतान: थांबलं चाक.

सुलक्षा: इंजिन?

काइतान: मजेत आहे. काय केलंस तू?

सुलक्षा: काही नाही. क्लच दाबला. चारही बोटांनी, पार हँडलच्या मुठीपर्यंत. तुम्ही दोन बोटांनी दाबता. बाकीची दोन मुठीवर असतात. लिव्हर येतो आणि त्यांच्यावर अडतो.

काइतान: म्हापशाचा पायलट दोनच बोटांनी क्लच दाबतो. ही रीत कुणी काढली? मी आणि तुझ्या बापाने, पुरसोने. दोन बोटं क्लचला, दोन बोटांत गिऱ्हाइकाची पिशवी. मासळीवाल्या बायकांच्या बांगड्यांच्या पिशव्या नेल्यात आम्ही, एक बांगडा रस्त्यावर पडला नाही. आजही नवीन माणसाला स्टँडवर नंबर द्यायचा तर आधी त्याला कोर्टाच्या चढावर नेतात. दोन बोटांनी गाडी धरून दाखव, ब्रेक न लावता. चार बोटं लावली की परत पाठवतात, जा, सायकल चालव म्हणून.

सुलक्षा: माहीत आहे. लहानपणापासून ऐकतेय.

काइतान: मग? चौतीस वर्षं दोन बोटांनी चाललं, ते आजच चालेनासं झालं?

सुलक्षा: तेच तर विचारायचंय मला. आधी का चालत होतं? केबल ताणलेली होती म्हणून. लिव्हर अर्धा आला तरी क्लच सुटायचा. हे पाचाचं जाडं नाणं बघा. लिव्हरच्या खाचेत एक नाणं जाईल एवढी ढील पाहिजे. तुमच्या लिव्हरमध्ये तीन जातायत.

काइतान: केबल जुनी झाली की ढिली होतेच.

सुलक्षा: होते. पण जुनी केबल स्वतःहून नट फिरवत नाही. खाली बघा, इंजिनापाशी. हे आट्यांवर स्वच्छ कडं दिसतंय ना, इथे होता नट. बाकी सगळीकडे धूळ आणि तेल थापलंय. आता नट चार आटे मागे गेलाय. आणि त्याचे कोपरे खाल्लेत, म्हणजे पान्याने नाही फिरवला. घरातल्या पक्कडीने फिरवलाय. म्हापशातला कुठलाही मेकॅनिक क्लचला पक्कड लावणार नाही.

काइतान: बरीच हुशार झालीस.

सुलक्षा: काइतानबाब, का ढिला केलात?

काइतान: चहा सांग. नाहीतर राहू दे, चहा नको.

सुलक्षा: मी कुणाला सांगणार नाही.

काइतान: बोटं दुखतात, बाय. हीच दोन. सकाळी उठलो की पाव मोडता येत नाही, बायकोच्या, पास्कोलाच्या नकळत चहात बुडवून खातो. गेल्या पावसापासून आहे. ढिला केला की लिव्हर हलका लागतो, निदान अर्ध्यापर्यंत. आधी एकच आटा फिरवला. मग आणखी एक.

सुलक्षा: आणि हलका लागतो तो भाग नुसता ढिलाईचा. तिथे क्लच काहीच करत नाही. करायची वेळ आली की तुमची बोटं मध्ये येतात. मग गिअर काय करणार, आपटणारच.

काइतान: आता सांगितलंस तर कळतंय. दुखत असताना नाही कळलं.

सुलक्षा: बघा, केबल काढते, आत तेल सोडते. कोरडी पडलीय, त्यानेही जड होते. ढील एका नाण्यावर आणते. गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, आयडल, तुम्ही भलताच चढवून ठेवलाय, तो उतरवते, त्याने पहिला आपटतो. चेन लोंबतेय, ती ताणते. ऑइल नवीन घालते. हे सगळं संध्याकाळपर्यंत होईल. पण एवढं करूनही दोन बोटांनी नाही जमणार. या बोटांनी नाही. चार लावावी लागतील.

काइतान: नाही.

सुलक्षा: उद्यापुरती.

काइतान: उद्या तर मुळीच नाही. टीचरच्या घरून कपेलाकडे वाट कुठून जाते? स्टँडवरून. फेस्ताचा दिवस, सगळे पायलट रांगेत उभे असणार. त्यातल्या अर्ध्यांना त्या चढावर मी परत पाठवलंय, चार बोटं लावली म्हणून. आणि मी त्यांच्यासमोरून चार बोटांनी जाऊ? त्यापेक्षा पायलटचा बिल्ला काढून ठेवतो.

सुलक्षा: बाबा शेवटची सहा वर्षं चार बोटांनी चालवत होते.

काइतान: तोंड सांभाळून बोल. बापाबद्दल बोलतेयस.

सुलक्षा: म्हणूनच बोलतेय.

काइतान: मी रोज बघत होतो त्याला. माझ्या पुढचा नंबर असायचा त्याचा. दोन बोटं. शेवटच्या दिवसापर्यंत दोन बोटं.

सुलक्षा: स्टँडवर दोन. कोपऱ्यावर फार्मसीपाशी वळले की चार. मी मागे बसून कॉलेजला जायचे, रोज बघायचे. मला सांगून ठेवलं होतं, काइतानला बोलू नकोस, तो हसेल.

काइतान: खोटं.

सुलक्षा: तो वरचा बिस्किटांचा डबा काढा. नाही, निळा. त्यात त्यांच्या गाडीचा लिव्हर आहे. गाडी विकताना मी काढून ठेवला. उजेडात धरा.

काइतान: हा पुरसोचा?

सुलक्षा: मागे बघू नका, पुढून बघा. जिथे बोटं लागतात तिथे.

काइतान: बुडाशी झिजलाय. दोन बोटांची जागा आहे, खोल गेलीय. माझाही असाच आहे.

सुलक्षा: तुमचा टोकाकडे अजून काळा आहे, रंगसुद्धा गेला नाही. त्यांचा बघा.

काइतान: टोकाकडे... टोकाकडे पण चकचकीत आहे. फिकट आहे जरा. दोन बोटांपुरतं.

सुलक्षा: सहा वर्षांत तेवढंच झिजतं.

काइतान: अरे पुरसो.

सुलक्षा: बसा त्या स्टुलावर.

काइतान: माझ्या शेजारी बसून भाजी-पाव खायचा हा माणूस. सहा वर्षं बोलला नाही. मी हसेन म्हणून.

सुलक्षा: हसला असतात का?

काइतान: हसलो असतो. तेव्हा नक्की हसलो असतो. वाईट वाटतंय मला, बाय. त्याचाही हात दुखत असणार आणि मी रोज त्याला म्हणायचो, पुरसो, दाखव रे या पोरांना दोन बोटं.

सुलक्षा: आणि ते दाखवायचे. त्यांनाही मजा यायची, खोटं कशाला सांगू. घरी येऊन बोटं शेकत बसायचे.

काइतान: लाव तो क्लच. एक नाणं ढील म्हणालीस ना? एकच ठेव.

सुलक्षा: पाना द्या. दहाचा. तो नाही, त्याच्या शेजारचा. आणि एक सांगते, उद्या चुकून जरी खडाक झालं तर नाव तुमचं एकट्याचं जाणार नाही. पुरसो पायलटची पोर गाड्या बघते म्हणून इथे चार लोक नाक मुरडत होते, ते अजून म्हापशातच आहेत.

काइतान: कोण? नावं सांग.

सुलक्षा: राहू दे. आता त्यांच्याही गाड्या माझ्याकडेच येतात. केबल धरा इथे, वाकवू नका. हां. झालं. बसा आणि दाबा बघू. चारही.

काइतान: कसंतरीच वाटतं. हँडल दुसऱ्याचं असल्यासारखं.

सुलक्षा: दाबा. पार मुठीला लागू दे. दुखतंय?

काइतान: नाही. म्हणजे आहे, पण चौघांत वाटून गेलं.

सुलक्षा: पहिला टाका.

काइतान: नाही पडला.

सुलक्षा: पडलाय.

काइतान: आवाजच नाही आला.

सुलक्षा: सोडा क्लच हळूच, मग बघा.

काइतान: अरे सायबा. चाललं चाक. थांब, न्यूट्रल. हा बघ न्यूट्रल. पुन्हा पहिला. दुसरा. ऐक, ऐक, काहीच ऐकू येत नाही.

सुलक्षा: ऐकतेय.

काइतान: पुन्हा टाकू?

सुलक्षा: टाका की. संध्याकाळपर्यंत टाकत बसा. फक्त सकाळी एक करा. रात्रभरात क्लचच्या प्लेटी चिकटून बसतात. इंजिन चालू करायच्या आधी क्लच दाबून चार किक मारा. मग टीचरच्या दारात पहिला टाकाल तेव्हाही असाच पडेल.

काइतान: फेस्ताचं खाजं आणतो तुला. आल्याचं, चांगलं कडक.

सुलक्षा: कडक नको, दात तुमच्या गिअरबॉक्सइतके धड नाहीत माझे.

(दुसऱ्या दिवशी सकाळी सात. ओलिंडा टीचरच्या दारापासून कपेलाच्या वाटेवर.)

टीचर: सातला दोन मिनिटं कमी आहेत, काइतान. बावीस वर्षांत तू पहिल्यांदाच लवकर आलास.

काइतान: झोप लागली नाही, टीचर. सावकाश बसा. पाय इथे. कंबरेचा पट्टा नीट बांधलाय ना?

टीचर: पट्टा आहे, हेल्मेट आहे, गोळी घेतलीय, नेव्हिलची सगळी भाषणं ऐकून झालीत. तो आलाय का मागे?

काइतान: आलाय. माझ्या नंबरप्लेटीला नाक चिकटवलंय.

टीचर: चिकटवू दे. टाक पहिला.

काइतान: टाकला.

टीचर: कधी?

काइतान: दारातच. आपण चाललोय, टीचर.

टीचर: अरे हो. सिक्वेरांचा गडगा मागे गेला की. माझं लक्ष तुझ्या पायाकडे होतं, आवाजाची वाट बघत होते.

काइतान: कंबर कशी आहे?

टीचर: कंबर आहे तिथे आहे. सारखं विचारू नको. तीन महिने घरात सगळे तेवढंच विचारतात.

काइतान: कारमधून आला असतात तर आरामात आला असतात. असं मी म्हणत नाही, लोक म्हणतील.

टीचर: कारमध्ये मी सामान होते रे. काच वर, एसी चालू, मागच्या सीटवर ठेवून दिलेलं. तुझ्या मागे बसले की चार माणसं हात करतात, टीचर कुठे निघाल्या विचारतात. बघ, तो बेकरीवाला हात करतोय. या गावात मी पस्तीस वर्षं शिकवलं, काइतान. मला दिसायचंय लोकांना.

काइतान: दिसाल. मी हळू नेतो. दुसरा टाकला हं आता.

टीचर: कळलं नाही.

काइतान: कळणार नाही. पूर्वी वह्या तपासायचात तुम्ही, आठवतं? रेघ वाकडी गेली नाही कधी.

टीचर: कुणी सांगितलं तुला?

काइतान: मीच सांगतो सगळ्यांना.

टीचर: रेघा वाकड्या जायच्या, काइतान. सगळ्या वाकड्या. मुलांना वाटायचं टीचर रागावल्यात.

काइतान: मग बोलला नाहीत कधी?

टीचर: चूक आणि बरोबर कळण्याइतक्या सरळ असायच्या. तेवढं पुरतं. स्टँड आला बघ.

काइतान: आला.

टीचर: किती जण उभे आहेत. या वळणावर तू नेहमी मान ताठ करायचास आणि गिअर खाली आणायचास. मला पाठीमागून कळायचं.

काइतान: आजही ताठच आहे.

टीचर: आहे. पण हात वेगळा दिसतोय. चार बोटं आहेत लिव्हरवर.

काइतान: आहेत.

टीचर: ते सगळे बघतायत.

काइतान: बघू दे. ए फ्रान्सू, काय बघतोस रे? चारही बोटं माझीच आहेत.

टीचर: काय म्हणाला?

काइतान: तो? स्वतःच्या हाताकडे बघतोय. टीचर, हात कंबरेवर नाही ना गेला? गिअर खाली आणला मी आत्ता.

टीचर: आणलास? मला वाटलं तू त्या फ्रान्सूशी बोलण्यातच गुंग होतास.

काइतान: दोन्ही केलं.

टीचर: आता बोटांचा विषय निघालाच म्हणून सांगते. ती दोन बोटं बघून मला रोज भीती वाटायची. बावीस वर्षं. मी मनात म्हणायचे, बाकीची दोन हा कुठल्या दिवसासाठी राखून ठेवतोय.

काइतान: सायबा. हे तरी सांगायचंत.

टीचर: एखादं मूल जीव लावून लिहीत असलं की त्याच्या अक्षराला नावं ठेवायची नसतात. तू फार जीव लावून चालवायचास, काइतान. मी एका दिवसासाठीही दुसऱ्या पायलटला हाक मारली नाही, ते काय उगाच?

काइतान: टीचर, चढ लागला. थोडं पुढे सरकून बसा. पहिला टाकतोय.

टीचर: टाक.

काइतान: बोला काहीतरी. गप्प झालात की मला धास्ती वाटते.

टीचर: गप्प नाही, बघतेय. खाज्याची दुकानं किती लागलीयत या वर्षी. दोन्ही बाजूंनी. तू कसा जातोयस मधून?

काइतान: पायलट जातो. बाजूला व्हा रे, टीचर आहेत. देव बरं करो.

टीचर: आणि नेव्हिल?

काइतान: तो खाली फुगेवाल्यापाशी अडकला. मागे पण घेता येत नाही त्याला, आरशात दिसतंय.

टीचर: बिचारा. मी हसत नाहीये हं. कंबर हलते हसलं की.

काइतान: पोचलो, टीचर. पायरीलाच लावलीय. न्यूट्रल केला, बंद करतो. सावकाश. माझ्या खांद्यावर भार टाका. टाका हो, खांदा धड आहे.

टीचर: उतरले. बघ, दोन पायांवर उभी आहे. हात एकदाही गेला नाही कंबरेवर. तू फार छान आणलंस मला.

काइतान: तुमचा फोन वाजतोय.

टीचर: हॅलो, नेव्हिल. हो, पोचले. वर, कपेलाच्या पायरीशी. नाही रे, काही दुखत नाही. तू जमेल तशी गाडी वळव आणि घरी जा, भात टाकायला सांग. मी येते जेवायला. कोणाबरोबर म्हणजे? बाइकवाला नव्हे, पायलट. म्हण बघू.